क्लोंडाइकच्या खाणकऱ्यांची चित्रं कशी वाचायची? (१८९६ ते १८९९)

जुनाकागद :

क्लोंडाइकची सोन्यासाठीची धावपळ म्हटलं की एकच फोटो सगळीकडे फिरतो. बर्फाचा उभा चढ आणि त्यावर मुंग्यांसारखी लागलेली माणसांची काळी रांग. तो अलास्काच्या किनाऱ्याकडून युकॉनकडे जाणाऱ्या चिलकूट खिंडीचा आहे, १८९७-९८च्या हिवाळ्यातला. पण त्यात सोनं काढण्याचं एकही काम दिसत नाही, दिसते ती हमाली. खाणकरी दिवसभर कुठे असायचा, कशावर झोपायचा, त्याच्या हातात कोणतं हत्यार असायचं, हे बघायचं तर तेव्हाच्या साप्ताहिकांतली रेखाचित्रं आणि कमी गाजलेले फोटो काढून बसावं लागतं. हा धागा त्यासाठी.

पार्श्वभूमी थोडक्यात. १६ ऑगस्ट १८९६ रोजी कॅनडाच्या युकॉन भागात रॅबिट क्रीक या ओढ्यावर कीश ऊर्फ स्कूकम जिम, डॉसन चार्ली आणि जॉर्ज कारमॅक यांना सोनं सापडलं. ओढ्याचं नाव लगेच बोनान्झा झालं. बातमी बाहेरच्या जगात पोचायला जवळपास वर्ष लागलं. जुलै १८९७ मध्ये ‘एक्सेलसियर’ सॅन फ्रान्सिस्कोला आणि ‘पोर्टलंड’ सिअ‍ॅटलला या बोटी सोनं घेऊन आल्या, तेव्हा धावपळ सुरू झाली. सुमारे लाखभर माणसं निघाली, त्यातली तीस-चाळीस हजार डॉसन या तिथल्या नव्या गावापर्यंत पोचली. तोवर चांगले पट्टे (सोनं काढण्यासाठी हक्कानं आखलेले जमिनीचे तुकडे) आधीच्यांनी आखून घेतले होते. म्हणून नंतरच्या बहुतेक चित्रांतला माणूस दुसऱ्याच्या पट्ट्यावर रोजंदारी करणारा आहे. त्याला मालक समजू नका.

चित्रकारांत टॅपन अ‍ॅडनी महत्त्वाचा. ‘हार्पर्स वीकली’नं त्याला १८९७ मध्ये पाठवलं. तो लिहायचा, रेखाटायचा आणि फोटोही काढायचा. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’साठी ज्युलियस प्राइस १८९८ मध्ये गेला. फोटोग्राफरांत एरिक हेग आणि विंटर-पाँड ही जोडी.

माझं म्हणणं असं : उन्हाळा आणि गर्दी कॅमेऱ्यानं टिपली, पण हिवाळ्यातलं जमिनीखालचं काम मुख्यतः पेन्सिलीनं टिपलं. त्या रेखाचित्रांना ‘काल्पनिक’ म्हणून बाजूला टाकू नये. मात्र त्यातली प्रत्येक वस्तू तपासून घ्यावी, कारण सगळे चित्रकार तिथे गेलेले नव्हते. न्यूयॉर्क-लंडनमध्ये बसून फोटोवरून किंवा नुसत्या बातमीवरून काढलेली चित्रंही तितक्याच थाटात छापली गेली.

तपासायचं कसं, ते जाणकारांनी लिहावं.

------

भूगर्भी :

चांगला धागा. हिवाळी कामापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच सापडतात.

तिथली जमीन कायम गोठलेली असते. वर शेवाळ आणि काळा गाळ, त्याखाली गोटे-खडी, त्याखाली कातळ. सोनं पाण्यातून वाहताना जड म्हणून तळाशी बसतं, त्यामुळे मालाचा थर कातळाला लागून असतो आणि कातळाच्या फटींतही शिरलेला असतो. तिथवर पोचायला दहा-पंधरा फुटांपासून तीस-चाळीस फुटांपर्यंत आड खणावा लागे. हा आड साधारण चार फूट बाय सहा फूट. गोठलेल्या खडीत कुदळ चालत नाही, ती काँक्रीटसारखी असते. म्हणून आग.

संध्याकाळी आडाच्या तळाशी सुकं स्प्रूसचं (तिथल्या सूचिपर्णी झाडाचं) लाकूड रचायचं, पेटवायचं आणि वर यायचं. रात्रभर जळतं. सकाळी धूर निवळला की खाली उतरून राख आणि वितळलेली माती उपसायची. एका आगीनं जेमतेम फूटभर जमीन मऊ होते. म्हणजे वीस फुटांच्या आडाला काहीच बिघडलं नाही तरी तीन आठवडे. कातळ लागला की आडवं भुयार, तिथेही तीच आग, फक्त समोरच्या भिंतीला टेकवून रचलेली. कातळाचाही वरचा फूटभर थर फोडून वर काढत, फटींतल्या सोन्यासाठी.

आता चित्रात काय बघायचं? पहिली गोष्ट लाकडी टेकू. भुयारात दर चार फुटांवर चौकटी उभ्या केलेल्या दिसल्या तर चित्रकारानं कोळशाची खाण पाहिलेली आहे, क्लोंडाइक नाही. गोठलेलं छप्पर स्वतःच्या बळावर टिकतं, हिवाळ्यात टेकूची बहुधा गरजच पडत नसे. उन्हाळ्यात मात्र तेच छप्पर वितळून खाली येतं आणि वरचं पाणी आडात उतरतं. म्हणून खोल आडाचं काम थंडीतच करायचं.

दुसरी गोष्ट आडाचं तोंड. वर हातरहाट असतो : दोन खांब, त्यांवर सोललेला ओंडका, टोकाला वाकडी मूठ, दोर आणि डोल. उपसलेली माती आडाभोवतीच टाकत, त्यामुळे ढिगारा चढत जातो. तो आत कोसळू नये म्हणून तोंडाभोवती ओंडक्यांची चौकट रचत वर नेतात आणि तिच्याबरोबर रहाटही उचलतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या खऱ्या चित्रात रहाट सपाट जमिनीवर कधीच दिसणार नाही, ढिगाऱ्याच्या माथ्यावर दिसेल.

तिसरी गोष्ट धूर. संध्याकाळच्या चित्रात दरीभर धुराचा थर हवा, कारण सगळे एकाच सुमारास आगी पेटवत. खाली उतरणाऱ्याचे डोळे सुजायचे. त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही आणि त्यानं मेणबत्तीही विझत नाही, त्यामुळे ‘ज्योत जळतेय म्हणजे हवा ठीक’ हा हिशोब इथे जीव घेतो.

------

काचतबक :

कॅमेऱ्याची बाजू मांडतो.

हेगसारखे फोटोग्राफर आठ बाय दहा इंचांच्या काचेच्या तबकड्या वापरत. तबकड्यांची पेटी, मोठा कॅमेरा, तिपाई, रसायनं, शिवाय काळोखी खोली म्हणून तंबू. थंडीत डेव्हलपर (तबकडीवर चित्र उमटवणारं रसायन) काम करत नाही, तो गरम ठेवावा लागतो. बाहेरून उबदार खोपटात आणलेल्या भिंगावर लगेच दव धरतं आणि गोठतंही. भुयारात मेणबत्तीच्या उजेडात फोटो घेणं जवळजवळ अशक्य. मॅग्नेशियमची पूड उडवून उजेड करता येई, पण आधीच धुरानं भरलेल्या भुयारात ती आणखी धूर करते. जुनाकागद यांचं म्हणणं यामुळेच पटतं. पेन्सिलीला यातलं काही लागत नाही. शाई गोठते, पेन्सिल गोठत नाही.

पण फोटो म्हणजे पुरावा असं धरून चालणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. त्या काळच्या तबकड्यांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार होतो आणि तांबड्याचा जवळपास होतच नाही. म्हणून आकाश पांढरं सपाट येतं, तांबडा लोकरी सदरा काळा येतो, फिकट निळा कपडा पांढुरका येतो. आजकाल हे फोटो संगणकावर रंगवून टाकतात, त्यात सगळे खाणकरी काळे-करडे दिसतात. मूळ माणसं इतकी उदास रंगांत नव्हती. तांबडा आणि चौकडीचा जाड लोकरी कपडा सर्रास होता.

शिवाय हे फोटो ‘उभे करून’ घेतलेले असतात. काम थांबवलंय, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, मालक मधोमध स्वच्छ कोटात. अवजारं खरी, मांडणी खरी, हालचाल खोटी. फावडं कसं धरतात हे त्या फोटोवरून शिकू नये, ते अ‍ॅडनीच्या रेखाटनांवरून शिकावं.

------

रेघोटी :

सगळं वाचते आहे. मुलांच्या मासिकासाठी दोन पानी चित्र करायचं आहे, एका पानावर हिवाळा, दुसऱ्यावर उन्हाळा. हिवाळ्याचं पान भूगर्भींच्या प्रतिसादावरून डोळ्यापुढे उभं राहिलं. उन्हाळ्यात मात्र सगळीकडे तोच म्हातारा परात घेऊन ओढ्यात बसलेला दिसतो. तो बरोबर की चूक?

------

पन्हळ :

रेघोटी, परातवाला चूक नाही, पण तो काम करत नाहीये, तपासणी करतोय. पट्ट्यावरचं सोनं परातीनं काढायचं म्हटलं तर जन्म पुरणार नाही.

परात म्हणजे साधारण सोळा इंच व्यासाची, तिरक्या काठांची लोखंडी थाळी. भरली की वीस-पंचवीस रत्तल. पाण्यात बुडवून चिकणमाती हातानं कुस्करायची, मोठे गोटे वेचून टाकायचे, मग डावी-उजवीकडे हिसके द्यायचे म्हणजे जड ते तळाला जातं. मग काठ खाली झुकवून गोल फिरवत हलकं ते वाहून द्यायचं. शेवटी काळी वाळू आणि सोनं उरतं. आपल्याकडे सराफकट्ट्याजवळ झारेकरी धूळ धुतात तोच नियम : सोनं पाण्याच्या १९ पट जड, साधा गोटा अडीच-पावणेतीन पट, काळी वाळू पाचेक पट. कुस्करणं अपुरं राहिलं तर चिकणमातीचा गोळा सोन्यासकट परातीबाहेर जातो. नवख्याची चूक हमखास इथेच.

एका परातीला दहा सेंटचं सोनं निघालं तर माल चांगला समजत. डॉसनमध्ये कच्चं सोनं व्यवहारात औंसाला १६ डॉलर धरत, म्हणजे दहा सेंट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. (शुद्ध सोन्याचा सरकारी भाव २०.६७ होता. क्लोंडाइकच्या सोन्यात चांदी बरीच, म्हणून फरक.) तेव्हा परातीत चमचाभर पिवळा ढीग काढू नका. काळ्या वाळूच्या चंद्रकोरीच्या टोकाला चार-सहा कण, एवढंच.

खरं उन्हाळी काम पन्हळीचं. हिवाळाभर साठवलेला ढिगारा मे महिन्यात उन्हानं वरून थराथरानं वितळतो आणि त्याच सुमारास ओढ्याला बर्फाचं पाणी येतं. ते थोडेच आठवडे भरपूर असतं, म्हणून पाळ्या लावून काम. मध्यरात्रीही उजेड असतोच.

पन्हळ म्हणजे बारा फुटी, फूट-सव्वा फूट रुंदीची वर उघडी लाकडी खोकी. एक टोक किंचित निमुळतं, म्हणजे एकाचं टोक पुढच्यात बसतं. अशी पाच-सहा किंवा जास्त जोडून लाकडी घोड्यांवर (तिवयांवर) उभी करायची. उतार बारा फुटांना सुमारे सहा इंच, चिकणमाती जास्त असेल तर अधिक. तळाशी सोनं अडवायला जाळी. क्लोंडाइकमध्ये ती बहुधा सोललेल्या बारीक काठ्यांची असे, लांबीच्या दिशेनं शेजारी-शेजारी, दोन्ही टोकांना चौकटीत ठोकलेली. काठ्यांमधल्या फटींत सोनं बसतं.

दोघे-चौघे बाजूनं फावड्यानं माती टाकतात, एक जण लांब दांड्याच्या काटेरी फावड्यानं मोठे गोटे बाहेर ओढतो. हा काटेवाला चित्रात हवाच. तो नसेल तर गोटा अडकतो, त्यामागे पाणी तुंबून उसळतं आणि खालचं सोनं उचलून नेतं. उतार जास्त झाला तर बारीक सोनं वाहून जातं, कमी झाला तर वाळू फटींत घट्ट बसते आणि नवं सोनं वरूनच निघून जातं.

काही दिवसांनी ‘सफाई’. पाणी कमी करायचं, वरच्या खोक्यापासून जाळ्या एकेक उचलायच्या, ब्रशनं आणि छोट्या पाटीनं गाळ वर-वर ओढत हलकं ते जाऊ द्यायचं. उरलेली काळी वाळू वाळवून लोहचुंबकानं आणि फुंकरीनं काढायची. याच वेळी मालक हजर, फोटोग्राफर हजर. म्हणून सफाईचे फोटो भरपूर आणि फावडेवाल्यांचे कमी.

------

भूगर्भी :

पन्हळ यांच्याशी सहमत, एक भर. डोंगरउतारावरच्या पट्ट्यांवर, म्हणजे चीचाको हिल, गोल्ड हिल वगैरे, जुन्या नदीपात्राची पांढरी खडी आहे. तिथे सोनं आहे पण पाणी नाही. तिथल्या चित्रात पन्हळीऐवजी पाळणा दिसतो : खाली वक्र पट्ट्या लावलेलं खोकं, वर भोकं पाडलेल्या पत्र्याची चाळणी, आत तिरकं ताणलेलं कापड, तळाला आडव्या पट्ट्या. एक हात मुठीवर, दुसऱ्या हातात पाण्याचं डोणकं. वापरलेलं पाणी खाली पिंपात धरून पुन्हा वापरतात. चित्रात पिंप नसेल तर डोंगरमाथ्यावर पाणी कुठून आलं हा प्रश्न राहतो. झोका जोरात दिला तर बारीक सोनं कापडावर थांबत नाही, म्हणून अनुभवी माणसाचा झोका छोटा आणि अखेरीस हलका झटका देणारा.

------

चूलमांडणी :

खोपटाबद्दल कुणी लिहिलं नाही, मी लिहिते. रेघोटी, हिवाळ्याच्या पानावर हे नक्की घ्या.

स्प्रूसच्या ओंडक्यांचं एकखणी खोपट, साधारण बारा बाय चौदा फूट. ओंडक्यांमधल्या फटींत शेवाळ ठासलेलं. छपरावर काठ्या, त्यावर शेवाळ, त्यावर माती. उन्हाळ्यात त्यावर गवत उगवतं. दार बुटकं, ऊब राहावी म्हणून. काच दुर्मीळ, म्हणून खिडकीत रिकाम्या बाटल्या उभ्या रचून फटी शेवाळानं भरलेल्या, नाहीतर पिठाच्या पोत्याचं पांढरं कापड ताणलेलं. मोठ्या चौकोनी काचेची खिडकी दिसली की संशय घ्यावा. आणि बर्फाच्या घुमटाकार घरात खाणकरी राहिला नाही, ती चूक अजूनही छापली जाते.

आत पत्र्याची छोटी चूल, धुराडं छपरातून बाहेर. काठ्यांचा माचा, त्यावर स्प्रूसच्या डहाळ्या आणि घोंगड्या. वर दोरीवर मोजे आणि पायताणं वाळत. ओले मोजे म्हणजे बोटं गेली, म्हणून ही दोरी सजावट समजू नका. हातमोजे गळ्यातून गेलेल्या दोरीला बांधलेले, म्हणजे काढले तरी हरवत नाहीत.

चुलीजवळ आंबवलेल्या पिठाचं भांडं. थोडं पीठ मागे ठेवून पुढच्या भाकरीला विरजण म्हणून वापरायचं. ते गोठू नये म्हणून कडाक्याच्या रात्री लोक ते उशाशी घेऊन झोपत. जुन्या माणसांना ‘सावरडो’ हे नाव त्यावरूनच पडलं, नवख्याला ‘चीचाको’.

बाकी खाणं एकसुरी. चिलकूट खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिस वर्षभराचं सामान असल्याशिवाय पुढे सोडत नसत. अन्न सुमारे १,१५० रत्तल, हत्यारं-तंबू धरून जवळपास टनभर. तेव्हा छापल्या जाणाऱ्या याद्यांत माणशी ४०० रत्तल पीठ, १५० रत्तल खारवलेलं डुकराचं मांस, सव्वाशे रत्तल घेवडा, वर सुकवलेली फळं, बटाट्याचे वाळवलेले काप असं असे. ताजी भाजी नाही, म्हणून स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा आजार). हिरड्या सुजलेल्या, पाय काळे-निळे. स्प्रूसच्या पानांचा काढा हा त्यावरचा उपाय.

दारासमोर बाटल्यांची ओळ दिसली तर ती दारूची समजू नका. तो थर्मामीटर आहे. पारा उणे ३९ सेल्सिअसला गोठतो, मग एकेक करून रॉकेल, आल्याचा अर्क, शेवटी ‘पेन किलर’ नावाचं औषध. कोणती बाटली गोठली यावरून आज प्रवासाला निघायचं की नाही ते ठरे.

------

उत्तरायण :

चित्राचं साल ओळखायला काही खुणा.

बोनान्झाच्या डोंगरांवर झाडं आहेत की नाहीत ते आधी बघा. रोज रात्री शेकडो आडांत आग, शिवाय खोपटी, पन्हळी, चुली. दोन-तीन वर्षांत उतार बोडके झाले. दाट झाडी असेल तर चित्र सुरुवातीचं. बॉयलर आणि वाफेच्या नळ्या दिसल्या तर १८९८च्या आधीचं नाही. टोकदार नळी जमिनीत ठोकून वाफ सोडतात, लाकूड वाचतं, धूर खाली जात नाही. मोठं तरंगतं ड्रेजर (तळाचा गाळ उपसणारं यंत्र) दिसलं तर तो वेगळाच काळ, रोजंदारीचा आणि कंपन्यांचा.

चिलकूटवर सामान वर नेणारा तारांचा झुला दिसला तर १८९८. खिंडीपलीकडच्या बेनेट सरोवरावर शेकडो होड्या असतील तर त्याच वर्षीचा मे. बर्फ २९ मेला फुटला आणि पोलिसांनी ७,१२४ होड्या मोजल्या. तिथल्या करवतीच्या चित्रांत एक माणूस उंच माचावर, एक खाली, मध्ये उभी लांब करवत. कापते ती खाली येताना, म्हणून जोर खालच्याचा आणि भुसाही त्याच्याच डोळ्यांत. वरच्याचं काम करवत रेघेवर ठेवणं. दोघेही सारखे वाकून ओढताना दाखवलेत तर चित्रकारानं हे काम बघितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या चित्रांतून तिथले मूळ लोक जवळजवळ पुसले गेलेत. चिलकूट ही त्लिंगित लोकांची व्यापाराची वाट होती आणि ओझी वाहणाऱ्यांत त्यांच्या बायका-मुलंही होती. स्वतः कीशनं एका खेपेत १५६ रत्तल मांस खिंडीपार नेल्याचं सांगतात, जिथे नवखा पन्नास-साठ रत्तलांत थकायचा. क्लोंडाइक नदीच्या मुखावरचं त्रोंडेक ह्वेचिन लोकांचं मासेमारीचं ठिकाण या गर्दीनं गेलं, चीफ आयझॅक आपल्या माणसांना घेऊन खाली मूसहाइडला गेले. २०२३ मध्ये युनेस्कोनं त्रोंडेक-क्लोंडाइकला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. रेघोटी, मुलांच्या चित्रात ही माणसं पाठीमागे सजावट म्हणून नकोत. ओझं घेतलेली, भाव ठरवणारी, वाट माहीत असलेली अशी हवीत.

------

रेघोटी :

खूप धन्यवाद सगळ्यांना. बेत असा ठरतोय. डावं पान : संध्याकाळ, दरीत धुराचा थर, ढिगाऱ्याच्या माथ्यावर रहाट, आडाचा छेद दाखवून खाली टेकूविना भुयार आणि लोखंडी खिळ्यावर मेणबत्ती. कोपऱ्यात खोपट, बाटल्यांची खिडकी. उजवं पान : पन्हळ, फावडेवाले, काटेवाला आणि कडेला एक परात. पहिल्या पानाआधी एक अरुंद पट्टी चिलकूटची, त्यात त्लिंगित भारवाहक पुढे.

दोन शंका. हिवाळ्यात सोन्याची तपासणी कशी करत, ओढा तर गोठलेला? आणि मच्छर दाखवू का?

------

पन्हळ :

तपासणी खोपटात. बर्फ वितळवून टबात पाणी करायचं, भुयारातून आणलेली मातीची परात चुलीजवळ मऊ करायची आणि टबावर बसून धुवायची. टबातला गाळही फेकत नाहीत, पुन्हा धुतात. आडात किती खाली माल आहे आणि भुयार कुठे वळवायचं हे या परातींवरून ठरतं. तुमच्या खोपटाच्या छेदात ही जागा काढा, चुलीच्या उजेडात वाकलेला माणूस चांगला येईल.

मच्छर अवश्य. उन्हाळ्याच्या पानावर टोपीवरून खांद्यापर्यंत जाळी, बाह्या मनगटाशी बांधलेल्या, जवळ ओल्या शेवाळाची धुमी. उघड्या हातांनी, बाह्या कोपरापर्यंत सरकवून काम करणारे खाणकरी फक्त फोटो काढण्यापुरते तसे उभे असत.

------

काचतबक :

रेघोटी, संदर्भाला फोटो घेताना तो उलटा छापलेला नाही ना ते बघा. काचेची तबकडी पालथी ठेवली गेली की डावं-उजवं बदलतं आणि असे कितीतरी छापील फोटो आहेत. दुकानाची पाटी दिसत असेल तर सोपं. नसेल तर पुरुषांच्या कोटाची गुंडी बघा, डावी बाजू वर असायला हवी. पन्हळीच्या फोटोत ही चूक राहिली तर ओढाच उलट्या दिशेनं वाहायला लागतो आणि मागच्या डोंगरावरून जागा ओळखता येत नाही.